एक बिट फिरता ठेवताना

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी क्वांटम डॉटवर चालणारी एका बिटाची मेमरी डिझाइन केली, असं सांगितलं की समोरच्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर का?" आणि दुसरा, "हे सोलापुरात बसून कसं काय जमवलंत?" पहिल्याचं उत्तर 'नाही' एवढंच आहे. माझा बिट साधाच, शून्य किंवा एक, दोन्ही एकाच वेळी नव्हे. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे. ते नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण या विषयाकडे वळू पाहणाऱ्या पोरापोरींना मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही.

मी इथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. नोकरी सांभाळून एम.टेक.ला प्रवेश घेतला आणि विषय निवडायची वेळ आली. चिप डिझाइनमधले बहुतेक विषय महागड्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सपाशी येऊन अडतात. लायसन्स मिळालं तरी चिप प्रत्यक्ष बनवून घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. गाइड मॅडम म्हणाल्या, "अगं, क्यूसीए बघ की. सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या पीसीवर चालतंय. डोकं मात्र तुझं लागणार."

क्यूसीए म्हणजे क्वांटम डॉट सेल्युलर ऑटोमाटा. क्वांटम डॉट हे नाव २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमुळे बऱ्याच जणांच्या कानावर गेलं. बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह या तिघांना ते मिळालं, आणि वर्तमानपत्रांत टीव्हीच्या पडद्यावरच्या रंगांचे फोटो झळकले. माझ्या कामात रंगांचा संबंध नाही. मला डॉट हवा तो इलेक्ट्रॉनला कोंडून ठेवणारी इवलीशी जागा म्हणून. अशा चार जागा चौकोनाच्या चार कोपऱ्यांत ठेवायच्या आणि त्यांत मिळून दोनच इलेक्ट्रॉन सोडायचे. दोघांचा भार ऋण, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात आणि जास्तीत जास्त लांब, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. अशा एका चौकोनाला सेल म्हणतात, आणि त्याला कर्ण दोनच. एका कर्णावर बसले की एक, दुसऱ्यावर बसले की शून्य. आमच्या भाषेत ध्रुवीकरण +१ आणि −१. ही कल्पना १९९३ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात क्रेग लेंट, वुल्फगँग पोरोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. १९९७ मध्ये त्याच विद्यापीठात ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे वापरून असा सेल प्रत्यक्ष चालवून दाखवण्यात आला.

मला यातली सगळ्यात भावलेली गोष्ट अशी की इथे वीज वाहतच नाही. एका सेलमधले इलेक्ट्रॉन शेजारच्या सेलमध्ये जात नाहीत. ते फक्त शेजारच्याला ढकलतात, आणि शेजारचा सेल आपोआप तसाच कर्ण धरतो. सेलांची रांग लावली की तार तयार. आपल्या हातातल्या प्रत्येक फोनमध्ये विद्युतप्रवाहामुळे उष्णता होते, आणि तिच्यावर उपाय करता करता चिपवाल्यांची दमछाक होते. त्या पार्श्वभूमीवर प्रवाहाशिवाय माहिती पुढे जाते हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला.

सॉफ्टवेअरचं नाव क्यूसीए डिझायनर. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात कोनराड वॉलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं, आणि २००४ मध्ये त्यावरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उघडलं की काळी पाटी आणि तिच्यावर ठिपक्यांची जाळी. माउसने क्लिक केलं की सेल बसतो. तिथला नेहमीचा सेल १८ नॅनोमीटरचा, डॉट ५ नॅनोमीटरचा, आणि एका सेलच्या मध्यापासून पुढच्याचा मध्य २० नॅनोमीटरवर. या हिशेबाने एका मायक्रोमीटरच्या चौकोनात अडीच हजार सेल मावतात. इनपुटचे सेल निळे, आउटपुटचे पिवळे, ज्यांची किंमत कायमची ठरवून टाकली ते केशरी.

सुरुवातीचे दिवस मी तारा, वळणं आणि मेजॉरिटी गेट यांच्यावर घालवले. मेजॉरिटी गेट म्हणजे पाच सेलांचं अधिकचं चिन्ह. तीन बाजूंनी इनपुट, मध्ये निर्णय घेणारा सेल, चौथ्या बाजूने आउटपुट. तिघांपैकी दोघं ज्या बाजूला, मधला सेल त्या बाजूला. एक इनपुट −१ वर बांधून टाकलं की हाच गेट अँड होतो, म्हणजे उरलेली दोन्ही इनपुटं एक असतील तरच एक देतो. +१ वर बांधलं की ऑर, दोघांपैकी एखादं जरी एक असलं तरी एक. इन्व्हर्टर, म्हणजे शून्याचा एक आणि एकाचा शून्य करणारा गेट, त्याहून सुंदर. सेल अगदी शेजारी असेल तर तो तसाच कर्ण धरतो, पण तिरका, कोपऱ्याला कोपरा लावून ठेवला तर उलटा कर्ण धरतो. नकार मिळवायला वेगळा भागच लागत नाही, मांडणी पुरते. आणखी एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवली होती. दोन सेलांमधली ओढ, म्हणजे एका सेलचा दुसऱ्यावरचा प्रभाव, अंतराच्या पाचव्या घाताने कमी होते. अंतर दुप्पट केलं की ओढ बत्तिसाव्या हिश्श्यावर. पुढे प्रत्येक अडचणीत हा आकडा समोर आला.

आता मेमरी.

नेहमीच्या कॉम्प्युटरमधली मेमरी शिकवताना आपण पोरांना सांगतो की बिट कुठे तरी ठेवलेला असतो. तिचे नेहमीचे प्रकार दोन, एसरॅम आणि डीरॅम. एसरॅममध्ये एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर असतात. त्यातले दोन इन्व्हर्टर एकमेकांना धरून बसतात, आणि वीज आहे तोवर पकड सुटत नाही. डीरॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि भार साठवणारा एक कपॅसिटर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना त्याचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं. कपॅसिटरमधला भार झिरपतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. दोन्हीकडे बिटाला पत्ता आहे. बोट ठेवून दाखवता येतं की बिट इथे आहे.

क्यूसीएमध्ये असं बोट ठेवता येत नाही, कारण क्लॉक, म्हणजे सेलांनी कधी काय करायचं याचा ताल. इथला क्लॉक चार टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात सेलमधल्या डॉटांमधला अडथळा वाढत जातो आणि सेल शेजाऱ्याचं बघून आपला कर्ण ठरवतो. दुसऱ्यात तो कर्ण धरून ठेवतो आणि पुढच्याला ढकलतो. तिसऱ्यात पकड सैल होते. चौथ्यात सेल पूर्ण विश्रांतीत जातो, कुठलाच कर्ण नाही, म्हणजे तो 'शून्य' नसतो आणि 'एक'सुद्धा नसतो. सगळा आराखडा चार क्लॉक झोनमध्ये वाटलेला असतो, आणि प्रत्येक झोन आधीच्यापेक्षा पाव फेरी मागे चालतो. पडद्यावर हे चार झोन हिरवे, जांभळे, फिकट निळे आणि पांढरे दिसतात. सेल माहिती धरतो तो पाव फेरीपुरता. त्यानंतर त्याला सगळं सोडून द्यावंच लागतं.

मग बिट लक्षात ठेवायचा कसा? त्याला थांबू द्यायचं नाही. हिरव्यातून जांभळ्यात, तिथून निळ्यात, तिथून पांढऱ्यात आणि परत हिरव्यात. निदान चार झोनचं वर्तुळ करायचं आणि त्यात बिट फिरवत ठेवायचा. एका झोनने सोडायच्या आत पुढच्याने उचललेला असतो. दुसरी पद्धत रेषेची, त्यात बिट एकाच तारेवर मागे-पुढे जातो. पण तिला जादाचे आणि वेगळ्या तालाचे क्लॉक लागतात. मी वर्तुळ निवडलं.

वाचताना एक दुवा सापडला आणि मला फार आनंद झाला. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेला एडसॅक कॉम्प्युटर १९४९ मध्ये सुरू झाला, आणि त्याची मेमरी पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची होती. एका टोकाकडून ध्वनीच्या स्पंदांच्या रूपात बिट सोडायचे, ते पाऱ्यातून प्रवास करत दुसऱ्या टोकाला पोचायचे, तिथे पकडून पुन्हा पहिल्या टोकाला द्यायचे. मेमरी म्हणजे सतत चाललेला प्रवास. ट्रान्झिस्टरच्या काळात ही कल्पना बाजूला पडली होती, आणि नॅनोमीटरच्या आराखड्यात ती मला पुन्हा भेटली. नवीन तंत्र शिकणाऱ्या प्रत्येकाने जुनी यंत्रं वाचावीत, असं मी हल्ली वर्गात आवर्जून सांगते.

तर्क सोपा होता. लिहिण्याची परवानगी देणारं एक इनपुट, त्याला 'ई' म्हणू. माहितीचं इनपुट 'डी'. ई एक असेल तर डी आत घ्यायचा. ई शून्य असेल तर फिरता बिट तसाच पुढे सोडायचा. म्हणजे डी आणि ई यांचा अँड, जुना बिट आणि ईचा नकार यांचा अँड, आणि या दोघांचा ऑर. तीन मेजॉरिटी गेट आणि एक इन्व्हर्टर. कागदावर हे पाच मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत पुढे आहे, कारण प्रत्येक गेटच्या तिन्ही इनपुटांना एकाच झोनमधून, एकाच क्षणी यावं लागतं. एक जरी उशिरा आलं तर मधला सेल दोघांचंच ऐकून निर्णय घेऊन मोकळा होतो.

इथे माझ्या मामांची मदत झाली. मामा अशोक चौकाच्या बाजूला राहतात. आयुष्यभर त्यांनी जेकार्डच्या चादरींचे नक्षे काढले, आणि चौकटीच्या कागदावरचं त्यांचं काम मी लहानपणापासून बघत आले आहे. एका रविवारी मी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन बसले होते. खालच्या गाळ्यात यंत्रमाग चालू, त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे जरा मोठ्यानेच. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "रंग चार दिसतायत. धागे चार रंगाचे काय?"

"नाही मामा, हे रंग वेळेचे आहेत. हिरवे आधी, जांभळे त्यानंतर."

"मग वेळेचा कागद आधी कर की. आमच्यात आडवी एक ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी, एक कार्ड. नक्षा वरून खाली वाचला की आधी काय, मग काय ते कळतंय. फूल कसं दिसतंय ते मागून बघायचं."

मी घरी आले आणि मांडणी बाजूला ठेवून फक्त वेळेचा कागद केला. चार आडव्या पट्ट्या आखल्या. पहिल्या पट्टीत डी, ई, ईचा नकार आणि फिरून येणारा जुना बिट. दुसरीत दोन्ही अँड. तिसरीत ऑर. चौथीत परतीची तार. चौथीच्या खाली पुन्हा पहिली, तिथे परतीच्या तारेचा उरलेला भाग, आणि तिथून बिट पुन्हा दुसऱ्या पट्टीतल्या अँडमध्ये. बरोबर चार पट्ट्या, एक जास्त नाही, एक कमी नाही. नकार काढण्यातला उशीरही पहिल्याच पट्टीत मावत होता. हा कागद जुळला तेव्हाच आराखडा झाला होता, अजून एकही सेल काढला नव्हता तरी. मेमरीचं डिझाइन मी वस्तूचं डिझाइन म्हणून सुरू केलं होतं. प्रत्यक्षात ते वेळापत्रकाचं निघालं.

त्यानंतरची मांडणी भराभर झाली. डीचा अँड वर डावीकडे, जुन्या बिटाचा अँड त्याच्या खाली, दोघांच्या मधून ई आत येतो. तो वरच्या गेटला सरळ मिळतो आणि खालच्याला तिरक्या सेलातून उलटा होऊन. ऑर उजवीकडे मध्यावर. त्याचं आउटपुट उजवीकडून खाली, मग डावीकडे, मग वर वळून खालच्या अँडच्या पोटात शिरतं. आउटपुटची पिवळी चौकट उजव्या कडेला, मोकळी. कुठेही तार तारेला ओलांडत नाही. सगळे मिळून सेल शंभराच्या आत.

इथे एक बारकावा सांगते, कारण तो पुस्तकी वर्णनात सहसा येत नाही. केशरी, म्हणजे कायम बांधलेल्या सेलांना क्लॉक नसतो. बाकीचे सेल विश्रांतीत जातात, हे कधीच जात नाहीत, पूर्ण ताकदीने ढकलत राहतात. त्यामुळे अँडला शून्य देणारा केशरी सेल परतीच्या तारेच्या जवळ आला, आणि त्यातही तिरका आला, तर तो त्या तारेला उलट्या दिशेने हळूच ओढतो. तार ज्या क्षणी आपला कर्ण ठरवत असते त्याच क्षणी ही ओढ लागते. उपाय एकच, अंतर. मध्ये एक रिकामी ओळ सोडली की पाचव्या घाताचा नियम आपल्या बाजूने काम करतो. मी जिथे जिथे केशरी सेल होता तिथे रिकामी जागा सोडली आणि त्यापायी क्षेत्रफळ थोडं वाढू दिलं.

तपासणीची वेळ आली तेव्हा कळलं की मेमरीची परीक्षा घेणं हे स्वतंत्र काम आहे. सॉफ्टवेअरमध्ये इनपुटच्या सगळ्या जोड्या आपोआप तपासायची सोय आहे, आणि अँड-ऑरसाठी ती पुरते. मेमरीला ती पुरत नाही, कारण इथे क्रम महत्त्वाचा. आधी एक लिहायचा, मग ई बंद करायचा, मग डी मुद्दाम शून्य करायचा आणि आउटपुट एकावर टिकतं का ते बघायचं. मग शून्य लिहायचा, ई बंद, डी एक, आणि पुन्हा बघायचं. ही मालिका हाताने व्हेक्टर टेबलमध्ये, म्हणजे इनपुटच्या किमतींच्या तक्त्यात, भरावी लागते. लिहिल्यानंतर निदान काही फेऱ्या तरी ई बंद ठेवावा. एकच फेरी बघून 'मेमरी टिकली' म्हणणं मला पटत नाही.

निकाल आलेखात दिसतो. वर इनपुटच्या चौकोनी लाटा, खाली क्लॉक, मध्ये आउटपुट. बिस्टेबल नावाच्या झटपट पद्धतीत आउटपुट साधारण ०.९५ च्या आसपास चढलं आणि डी खाली गेला तरी चढलेलंच राहिलं. मॅडमनी पडद्यावर पट्टी धरून प्रत्येक शिखर बघितलं आणि म्हणाल्या, "आता कोहेरन्स व्हेक्टरने चालव. खरं काय ते तिथे कळेल."

कोहेरन्स व्हेक्टर ही दुसरी पद्धत. ती प्रत्येक सेलची अवस्था अतिशय लहान लहान वेळांच्या टप्प्यांनी पुढे नेते आणि तापमानही हिशेबात धरते. त्यामुळे ती फार वेळ खाते. मी रन लावायचे ते एप्रिल-मे महिन्यांत. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पारा बेचाळीसच्या पुढे, पत्र्याखालची लॅब, आणि दुपारी लाइट गेली की तासन्‌तासांचं गणित पुसलं जाणार. म्हणून मशिन रात्री लावायची, सकाळी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा घेऊन लवकर पोचायचं आणि आधी पडदा बघायचा. त्या लॅबमधल्या शिपाईकाकांनी रात्री कुणी मशिन बंद करू नये म्हणून बटणावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव मी मॅडमच्या खालोखाल घातलं.

त्या पद्धतीत नेहमीचं तापमान एक केल्विन असतं. म्हणजे उणे २७२ अंश. बाहेर ३१५ केल्विनच्या उन्हात बसून मी एक केल्विनमधल्या इलेक्ट्रॉनांचा आलेख बघत होते. तापमान जरा जरा वाढवत नेलं की आउटपुटची उंची उतरायला लागते, आणि खोलीच्या तापमानाच्या कितीतरी अलीकडेच बिट ओळखता येईनासा होतो. कारण सरळ आहे. शेजाऱ्याची ओढ आणि उष्णतेची धडपड यांची ही झुंज आहे. सेल मोठा असेल तर ओढ कमी पडते. सेल जितका लहान, तितके इलेक्ट्रॉन जवळ, तितकी ओढ जास्त. १९९७ चा ॲल्युमिनियमचा प्रयोगही एका केल्विनच्या दहाव्या भागाहून कमी तापमानात करावा लागला होता.

मग नुसती चालते हे दाखवून थांबायचं नाही असं ठरवलं. प्रत्यक्ष बनवताना एखादा सेल बसणारच नाही, एखादा सरकून बसेल. तेव्हा एकेक सेल मुद्दाम काढून टाकायचा आणि काय होतं ते टिपायचं. सरळ तारेतला एखादा गेला तर बऱ्याच ठिकाणी आउटपुट कमकुवत व्हायचं, पण बिट टिकायचा. पण परतीच्या तारेच्या वळणावरचा, बरोबर कोपऱ्यातला सेल काढला त्या दिवशीचा आलेख मी छापून भिंतीवर लावला आहे. एक लिहिला, ई बंद केला, आणि आउटपुट पुढच्या फेरीत शून्य. त्याच्या पुढच्या फेरीत एक. मग शून्य, मग एक, एकसारखं, थांबेचना.

वही काढून बघितलं तेव्हा उलगडलं. कोपऱ्यातला सेल गेला की त्याच्या दोन्ही बाजूंचे सेल एकमेकांना तिरके होतात. आणि तिरका शेजारी उलटा कर्ण धरतो. कोपऱ्यात आपोआप इन्व्हर्टर तयार झाला होता. वर्तुळात एकच नकार असला की बिट प्रत्येक फेरीला उलटतो. मेमरी राहिली नाही, झुलणारं घड्याळ झालं. एका सेलच्या अनुपस्थितीने यंत्राचा प्रकारच बदलला. मग मी वळणं दुहेरी सेलांची करून पाहिली. कोपरा गेला तरी दुसरी वाट उरते, बिट सरळ राहतो. सेल वाढले. मला ते चालण्यासारखं वाटलं.

आणि इथेच या क्षेत्राबद्दलचं माझं ठाम मत येतं. क्यूसीएवरचे शोधनिबंध वाचताना एक शर्यत दिसते. आधीच्यापेक्षा इतके सेल कमी, इतकं क्षेत्रफळ कमी, इतका उशीर कमी. शेवटी तुलनेचा तक्ता, आणि तळाशी आपली ओळ ठळक. या शर्यतीत कित्येक आराखड्यांत इनपुटचा सेल चारही बाजूंनी बाकीच्या सेलांनी वेढलेला असतो. एकट्याने तो सुंदर चालतो, पण त्याच्यापर्यंत तार आणायला जागाच नाही. शेजारी दुसरा बिट जोडायचा म्हटलं तर जोडता येत नाही. जी मेमरी दुसऱ्या बिटाला जोडता येत नाही ती मेमरी म्हणून मला मोजावीशी वाटत नाही. माझ्या तक्त्यात माझी ओळ सगळ्यात खाली नव्हती, मधोमध होती. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न आला तेव्हा मी दुहेरी वळणाचे आणि मोकळ्या कडांचे आलेख समोर ठेवले आणि सेल का वाढवले ते एकेक करून सांगितलं. ऐकून घेतलं गेलं, आणि पुढचे प्रश्न त्या वळणांवरच झाले.

"हे बनवणार कुठे?" हाही प्रश्न आला. त्याचं उत्तर मी लपवत नाही. आज असा मेमरी सेल बाजारात नाही. पण वाट बंदही नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रॉबर्ट वोल्को यांच्या गटाने सिलिकॉनच्या पृष्ठभागावरचे एकेक हायड्रोजन अणू काढून उरलेल्या मोकळ्या बंधांचेच डॉट केले. २०१८ मध्ये त्यांनी अशा डॉटांची तार आणि ऑर गेट दाखवला. एवढ्या लहान डॉटांत ओढ खूप जास्त असते, त्यामुळे गारठ्याची अट सैल होण्याची आशा आहे. नोत्र दाममध्येच २००६ मध्ये चुंबकीय कणांचा मेजॉरिटी गेट खोलीच्या तापमानात चालला. त्या साहित्यात माझा आराखडा जसाच्या तसा उतरणार नाही, हे खरं. पण वेळेचा कागद बराचसा उपयोगी पडेल असं मला वाटतं, कारण फिरत्या बिटाची गरज साहित्य बदललं म्हणून संपत नाही.

प्रबंध झाला तरी काम थांबवावंसं वाटलं नाही. एक बिट सपाट मांडता येतो, तारा न ओलांडता. चार बिट मांडायला गेलं की ओळ निवडणारी तार आडवी आणि माहितीची तार उभी, दोघी एकमेकींना छेदणारच. ओलांडण्याचे मार्ग तीन. सेल पंचेचाळीस अंशांत फिरवून घ्यायचे, किंवा वर दुसरा थर चढवायचा, किंवा दोन तारांच्या क्लॉकमध्ये दोन टप्प्यांचं अंतर ठेवायचं, म्हणजे एक तार धरून असते तेव्हा दुसरी विश्रांतीत असते. फिरवलेले सेल बनवायला अवघड, थरांचं तर विचारूच नका. मी तिसरा मार्ग घेतला, त्यात पुन्हा वेळेचंच काम आहे. अडचण इतकीच की ओलांडणाऱ्या तारेला मधल्या सेलवरून उडी मारावी लागते. अंतर दुप्पट होतं आणि तो बत्तिसावा हिस्सा आडवा येतो.

यंदाच्या बॅचमधल्या दोघी मुली माझ्याबरोबर बसतात. त्यांना पहिले काही आठवडे सॉफ्टवेअर उघडू दिलं नाही, नुसत्या पट्ट्या आखायला लावल्या. त्यातल्या एकीचे वडील यंत्रमागावर आहेत. ती पट्ट्या माझ्यापेक्षा झपाट्याने जुळवते. दोन बाय दोनची मांडणी बिस्टेबलमध्ये व्यवस्थित चालते. कोहेरन्स व्हेक्टरमध्ये मात्र दुसऱ्या ओळीतलं एक क्रॉसिंग कमकुवत पडतंय. तिथे उडीच्या दोन्ही टोकांना तार दुहेरी करून, झोनची सीमा एका सेलने अलीकडे घेऊन काल संध्याकाळी नवा रन लावला आहे.